धामेच्या पाण्यात टोचलेली ढोरं

रूपराव नागोसे डॉक्टर नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. होते ते ढोरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. पण आंजीपासून वर खरांगण्याच्या जंगलापर्यंत त्यांना कुणी कधी कंपाउंडर म्हटलं असेल तर शपथ! सगळ्यांचे ते ढोरडाक्टर. पहिली दोन वर्षं बिचाऱ्यांनी लोकांना दुरुस्त करून पाहिलं, "अजी, मी डाक्टर नाई, डाक्टर वर्ध्याले बसते." लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरं डाक्टर." मग रूपराव कंटाळले आणि डॉक्टर झाले.

माणूस सिंदी मेघेचा, माळ्याच्या घरचा. बाप पुंडलिकराव वांगी, मेथी आणि सांबार पिकवायचा. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याकडच्यांनी उगाच इडली शोधत बसू नये. तर तो सगळा भाजीपाला दिवस उगवायच्या आत वर्ध्याच्या बाजारात पोचवायचं काम रूपरावांकडे, आणि तेही सायकलवर. मेथीची जुडी जरा दबली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्यामुळे कॅरिअरवरच्या टोपल्याला धक्का लागू न देता खडबडीत रस्त्यावरून सायकल कशी हाकायची, हे त्यांना शाळेच्या आधी आलं. पुढे त्याच कॅरिअरवर काचेच्या नळ्या आल्या आणि हीच विद्या कामी आली.

त्यांना मुरूम कळायचा. हसू नका, खरंच कळायचा. लाल मुरूम पाणी मारून दाबला की दगडासारखा बसतो, त्यावर चाक घरच्यासारखं चालतं. पांढऱ्या मुरमात चुनखडीचे खडे असतात, ते टायर खातात. काळ्या मातीची पांदण, म्हणजे दोन शेतांमधली गाडीवाट, पावसात अशी चिकटते की सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही सायकलीला नेता. नदीतल्या रेतीत शिरायच्या आधी चाकातली थोडी हवा सोडायची. बैलगाडीच्या चाकोरीत चाक गेलं तर मधेच बाहेर काढायचा शहाणपणा करायचा नाही, तोंडावर आपटाल, चाकोरी संपेपर्यंत गुमान चालायचं. आणि बाभळीच्या काट्यांवर उपाय एकच, टायरच्या आत जुना टायर. सायकल जड होते, होऊ द्या. जंगलात पंक्चर काढत बसण्यापेक्षा मांड्या दुखलेल्या बऱ्या.

या रस्त्यांचं त्यांना भारी कौतुक होतं. सकाळी धाम नदीच्या उतारावर सायकल थांबवून ते पाण्याला हात लावून कपाळाला लावायचे. एकदा बायको गोपिका सोबत होती, माहेरी निघालेली, कॅरिअरवर बसून. ती म्हणाली, "अजी, नोकरी सरकारची अन् पाया नदीच्या पडता?"

"सरकारनं नोकरी देल्ली," रूपराव म्हणाले. "पन कामावर तं नदीच पोचवते नं."

असा हा कृतज्ञ माणूस. कुणी तांब्याभर पाणी दिलं तरी घरी येऊन चार वेळा सांगणारा. अशा माणसाच्या हातून चूक झाली की ती त्याला किती डाचते, हे पुढे कळेलच.

सन पंचावन्नचा फागुन. वरच्या जंगलपट्टीत बुळकांडी आली. आजच्या पोरांना हे नावही ठाऊक नसेल, आणि नसलेलंच बरं. ढोराला ताप भरतो, डोळे गळायला लागतात, तोंडात फोड येतात, मग हगवण, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी गोठ्यात खुंटा तेवढा उरतो. एकदा गावात शिरली की घरोघर फिरते. त्यावर नुकतंच औषध निघालं होतं. नागपूरहून रेल्वेने यायचं, बर्फात आणि लाकडाच्या भुशात पुरलेल्या काचेच्या बारक्या नळ्या, नळीत चिमूटभर भुकटी. बर्फ सरला की भुकटी मेली. आणि भुकटी एकदा पाण्यात कालवली की तासा-दीड तासात टोचून मोकळं व्हायचं, नाहीतर तीही मेली. म्हणजे रूपरावांचं सगळं काम बर्फाशी शर्यत लावण्याचं. वर्ध्याहून पहाटे थर्मासात बर्फ भरायचा, थर्मास घोंगडीत गुंडाळून कॅरिअरवर बांधायचा, आणि सुटायचं.

एका शनिवारी आंजीला, नोकरीच्या गावी, त्यांच्या बिऱ्हाडासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. सोनबा त्याचं नाव, सालईहेटीचा गोंड शेतकरी. हेटी म्हणजे जंगलातली वस्ती, अठरा घरांची, धामेच्या पलीकडच्या काठावर. चौदा मैल पायी आला होता, पण बसायला तयार नाही.

"डाक्टर, आमच्या बाजूच्या गावात तीन ढोरं गेले," तो म्हणाला. "आमच्या हेटीत एकसष्ट हायेत. अजून एकालेबी झालं नाई. तुमी जल्दी या."

"सोमवारी येतो. वाट कशी हाय?"

"खरांगण्याच्या पुढं जंगलात मोठा मोह हाय, तिथं दोन वाटा फुटते. फिकर नका करू, म्या वाट दाखवून ठेवतो."

सोमवारी पहाटे रूपराव वर्ध्याहून बर्फ घेऊन निघाले. आंजीपर्यंत पक्का मुरूम, खरांगण्यापर्यंत बरा मुरूम, पुढे जंगल. दिवस कासराभर वर आला तेव्हा ते त्या मोहाखाली पोचले. दोन वाटा फुटल्या होत्या खऱ्या. एक रुंद, गाड्यांनी तुडवलेली. दुसरी अरुंद, मुळ्या आणि गोट्यांची. सोनबा कुठेच नाही. रूपरावांनी घंटी वाजवली, हाका मारल्या. वाट दाखवून ठेवतो म्हणाला होता, मग गेला कुठं बाबा?

रुंद वाटेच्या तोंडाशी एक हिरवी फांदी आडवी पडली होती, ताजी मोडलेली, पानांसकट. सायकलवाल्याला फांदी म्हणजे दुश्मन, आऱ्यांमध्ये अडकली की माणूस हँडलवरून पुढे. रूपराव उतरले. फांदी उचलली, नीट बाजूला ठेवली, मागून येणाऱ्या गाडीच्या बैलांनाही त्रास नको म्हणून चांगली लांब ठेवली. आणि मोठ्या समाधानाने त्या रुंद वाटेने गेले.

वाट दीड-दोन मैल मस्त गेली आणि लाकूडतोडीच्या जागी संपली. पुढे खोल घळ. तोडलेल्या खोडांशिवाय तिथे कुणी नव्हतं. परत फिरले, मधे एक पायवाट दिसली तिने शिरले, तीही मेली. सायकल खांद्यावर घेतली, झाडीत हिंडले, पुन्हा मोहाशी यायला दुपार झाली. थर्मास उघडून बोट घातलं. बर्फ नव्हता. कोमट पाणी होतं.

नागपूरहून दुसरं औषध यायला बुधवारची संध्याकाळ झाली. तीन दिवस रूपरावांना अन्न गोड लागलं नाही. गोपिका म्हणाली, "असं काऊन करून राह्यले? जंगलात चुकतेच मानूस."

गुरुवारी ते पुन्हा मोहाखाली आले आणि चक्रावले. रुंद वाटेवर फांदी पुन्हा आडवी. नवी, पानांसकट, त्याच जागी! पण रुंद वाट कुठे जाते हे आता त्यांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते अरुंद वाटेला लागले. बसण्यासारखी वाटच नव्हती ती. कधी ढकलत, कधी खांद्यावर घेत त्यांनी सायकल नदीवर आणली. थर्मास हलवून पाहिला, बर्फ खडखडला. जीव भांड्यात पडला.

पलीकडच्या काठावर हेटीचे लोक उभे होते. पण कुणी पुढे येईना. त्यांच्या समोर या झाडापासून त्या झाडापर्यंत दोरी ताणलेली, दोरीला आंब्याची आणि कडुलिंबाची पानं. दोरीमागे जंगू उभा होता, हेटीचा भुमक, म्हणजे त्यांचा देवाचं बघणारा. त्याने हात वर केला.

"जोहार डाक्टर. तिथंच थांबा. शीव बांधली."

रूपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बुळकांडीसारखी साथ आली की गोंडांच्या वस्तीची शीव बांधतात, हे त्यांनी ऐकलं होतं. तीन दिवस बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. आत दळायचं जातं फिरायचं नाही, गाडीचं चाक फिरायचं नाही. आणि हे आले होते दोन चाकं घेऊन!

"जंगूबाबा, माह्याजवळ औषध हाय. बर्फ दुपारपर्यंत नाई टिकत."

"मंग सोमवारी काऊन नाई आले?" म्हातारा रागावला नव्हता, पण त्याचा आवाज काही गोड नव्हता. "तुमची दोन दिवस वाट पायली. काल सकाळी शीव बांधली."

"आलतो बाबा. वाट चुकलो. त्या मोहापाशी रुंद वाटेनं गेलो."

"रुंद वाटेनं? तिच्यावर तं फांदी आडवी होती."

"होती. म्या उचलून बाजूले ठेवली."

मग जंगूने, लहान लेकराला सांगावं तसं, सांगितलं. जंगलात ज्या वाटेने जायचं नाही, तिच्यावर पुढे गेलेला माणूस हिरवी फांदी आडवी टाकून ठेवतो. मागच्याने समजून घ्यायचं आणि दुसरी धरायची. फांदीला कुणी हात लावत नाही. सोनबाने सोमवारी पहाटे जाऊन तीच टाकली होती, खास डॉक्टरसाठी. मंगळवारी जाऊन पाहिलं तर फांदी झाडीत फेकलेली, म्हणून पुन्हा टाकली.

रूपरावांनी कपाळाला हात लावला. सोनबा गर्दीत मागे उभा होता. तो काहीच बोलला नाही, हे रूपरावांना फार लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोरीमागे लोक आपसांत गोंडीत बोलायला लागले. आवाज चढले, उतरले. रूपरावांना एक अक्षर कळत नव्हतं. ऊन चढत होतं. त्यांनी थर्मास उचलून सावलीत नेला आणि त्यावर ओला रुमाल टाकला. माणूस याहून जास्त काय करणार?

शेवटी जंगू दोरीपर्यंत आला. "आत येता येत नाई," तो म्हणाला. "ढोरं त्या काठावर नेता येत नाई. पन नदी आतली बी नाई अन् बाहेरची बी नाई. ढोरं पाणी प्याले नदीत उतरतेच, त्याले बंधन नाई. तुमी पाण्यात या. ढोरं पाण्यात येतीन. सायकल तिकडेच राहू द्या."

अरे वा रे म्हाताऱ्या! रूपरावांना त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण मधे दोरी होती. त्यांनी धोतर खोचलं, पेटी डोक्यावर घेतली आणि नदीत उतरले.

मग धामेच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, टोचणी सुरू झाली. पांढरीशुभ्र, गवळाऊ जातीची ढोरं एकामागून एक पाण्यात येत होती. दोघं शिंगं धरत, रूपराव मानेची कातडी चिमटीत उचलत आणि सुई घालत. सोनबाची बायको बायजा औषधाचा थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. तिच्याकडून एक थेंब सांडला नाही. एका कारवडीने लाथ मारून डॉक्टरांना पाण्यात बसवलं तेव्हा सगळा काठ हसला. त्या दिवसातलं ते एवढंच हसू.

साठ झाली. एकसष्टावा आला तो सोनबाचा पवळ्या. उंच, रुंद कपाळाचा, सालईहेटीत त्याच्या तोडीचा बैल नव्हता. रूपरावांनी सवयीने कानाला हात लावला आणि हात तसाच राहिला. कान तापलेला. डोळ्यांच्या कोपऱ्यांत पाणी.

"याले कधीपासून असं हाय, सोनबाभाऊ?"

"कालपासून खात नाई नीट. टोचा नं, डाक्टर. याले दोन टोचा."

"याच्या अंगात शिरली हाय." रूपरावांनी सुई खाली केली. "आता टोचून काई फायदा नाई. याले बाकीच्यांपासून लांब बांधा. आजच्या आज."

सोनबा बैलाच्या गळ्यात हात टाकून तसाच पाण्यात उभा राहिला. "सोमवारी टोचला असता तं?"

रूपराव खोटं बोलू शकले असते. मोठमोठे डॉक्टर बोलतात. ते म्हणाले, "सोमवारी टोचला असता तं बहुतेक वाचला असता."

सोनबाने मान हलवली आणि बैलाला वळवून काठावर नेलं. बायजाने थर्मास परत दिला, त्यांच्याकडे न बघता.

वीस दिवसांनी परत जाऊन बघायचं होतं. विसावा दिवस गेला, एकविसावा गेला, रूपरावांची सायकल काही वर वळेना. कधी आंजीतच काम निघे, कधी चाकात हवा नसे. शेवटी गोपिकाने सायकल स्वतः अंगणात आणून उभी केली.

"एका ढोरासाठी तोंड लपवता," ती म्हणाली, "मंग बाकीच्या साठांचं कोन बघन? जा, शिव्या खाऊन या."

गेले. सगळ्या वाटेभर सोनबाला काय म्हणायचं ते जुळवत होते, आणि दर मैलाला जुळवलेलं मोडत होतं. नदीवर आले तर दोरी नव्हती. शीव केव्हाच सुटली होती. पलीकडे काठाच्या वरच्या अंगाला ढोरं चरत होती, पांढरी, धडधाकट, आणि रूपरावांनी पाण्यात उभं राहूनच मोजली. तेहतीसपर्यंत मोजलं आणि डोळे भरून आले, पुढचं दिसेना.

मग खाली बघितलं. मागच्या खेपेला समोरच्या ज्या काठावर नुसते गोटे आणि मुळ्या होत्या, तिथे पाण्यापासून वर एक लाल पट्टा गेला होता. हातभर रुंद. मुळ्या तोडलेल्या, गोटे काढलेले, वर मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून पक्का केलेला. गाडी जाईल एवढा नाही, ढोर जाईल असाही नाही. एक सायकल जाईल एवढाच. वळत वळत झाडीतून तो हेटीकडे गेला होता.

पट्ट्याच्या पहिल्या वळणावर सोनबा टोपलं घेऊन वाकलेला होता. रूपरावांना बघून तो उठला. रूपरावांना जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"जोहार," सोनबा म्हणाला. "साठच्या साठ हायेत. पवळ्या चौथ्या रोजी गेला."

"सोनबाभाऊ, गुन्हा माहा हाय."

"हाय नं." सोनबाने टोपलं खाली ठेवलं. "पवळ्या गेला तसा तुमाले लय शिव्या देल्ल्या म्या. दोन रोज देल्ल्या. तिसऱ्या रोजी शिव्या सरल्या. मंग बायजा म्हने, तो मानूस इतक्या दुरून आला, अन् शेवटच्या मैलाले सायकल त्याच्या खांद्यावर. वाट असती तं पहिल्याच रोजी नीट पोचला असता. हे बी खरंच हाय. आमी जंगलातले, आमाले वाट लागत नाई. तुमाले लागते. पुढच्या खेपेले कोनाचं ढोर पडन, कोनाले मालूम? तुमी जल्दी पोचले पायजे. मोहापर्यंत करतो आता. हेटीतले सगळे लागले हायेत."

"एवढा मुरूम आनला कोठून?" रूपरावांनी विचारलं.

"खदान हाय टेकडीले. पन हा इथला खदानीचा नाई." सोनबाने पायाने दाखवलं, पाण्यापासून पहिल्या वळणापर्यंत, वीस-पंचवीस हात. "पवळ्याले पुरून टाकाले खोल खड्डा खनला. खाली सगळा लाल मुरूम निंघाला. ढीग तसाच पडला होता. डोळ्यापुढून हटे ना तो ढीग. मंग पहिला तोच इथं टाकला."

रूपरावांनी हँडल सोडून दिलं. सायकल त्यांच्या अंगावर कलंडली. "याच्यावर चाक कसं घालू रे, सोनबाभाऊ?"

"घाला," सोनबा म्हणाला. "चाकासाठीच टाकला हाय. बसा."

रूपराव बसले. ओल्या चाकांनी तो मुरूम करकरला, पण दबला नाही. सोनबा बाजूने चालत होता, मग धावायला लागला, आणि रूपराव डोळे न पुसता पायडल मारत राहिले. हेटीच्या पहिल्या घरापर्यंत त्यांना एकदाही खाली उतरावं लागलं नाही.